काठीचा नंबर

दुकानदाराने चौथी काठी पुढे केली, तरी तिने लोकरीचे हातमोजे काढले नाहीत. तेही एकावर एक, दोन. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुकानदार तिच्या हातांकडे बघून न बघितल्यासारखं करत होता.

मासे धरायला याहून चांगली काठी नाही, असं त्याने सांगितलं. अस्सल ग्रॅफाइट, आणि वर छापलेलं चाळीस टन. हत्ती लागला तरी मोडायची नाही. तिच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात वीतभराहून मोठा मासा धरला नव्हता, त्यामुळे हत्तीचं काय करायचं हे तिला कळेना.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर नंबरांशीच गाठ.

"अहो, नंबर मोठा म्हणून चष्मा चांगला असं असतं का?" ती म्हणाली. "तो ज्याचा त्याला लागावा लागतो. हे चाळीस नक्की कशाचे?"

दुकानदाराने आधी कंपनीचं नाव पुढे केलं, मग माहितीपत्रक, मग डोकं खाजवलं. शेवटी आवाज खाली आणून खरं बोलला. आकडा ताकदीचा नाही, ताठपणाचा. तो चढेल तशी काठी हलकी आणि ताठ होते, दोरीची बारीकशी थरथरही मुठीपर्यंत आणते. पण तेवढीच नाजूकही होते, दगडावर आपटली की संपली. शिवाय प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने आकडे छापते. एकीचे तीस दुसरीच्या चाळिसाच्या तोडीचे निघू शकतात.

मग तिनेही मोज्यांचं सांगून टाकलं. गेल्या वर्षीच्या आजारपणात वडिलांची बोटं बधिर झाली होती. दोन मोजे चढवले की आपला हात साधारण त्यांच्यासारखा होतो, असा तिचा अंदाज. माशाने आमिषाला तोंड लावलेलं त्यांना कळतच नसे. ती शेजारी बसून दोरीवर डोळे ठेवायची, दोरी हलली की "ओढा" म्हणायची, आणि तोवर मासा खाऊनपिऊन पसार झालेला असायचा. पन्नास वर्षं तळ्यावर गेलेला माणूस परवा म्हणाला, माझ्या काठ्या कोणाला तरी देऊन टाक. ते ऐकून तिला रडू आलं होतं.

मध्येच कोणी यायला नको म्हणून दुकानदाराने उठून दार लावलं. तिने डोळे मिटून मूठ धरायची, त्याने काठीचं टोक नखाने हळूच खरवडायचं, कळलं की तिने "हं" म्हणायचं. चोवीसच्या काठीला तो खरवडत राहिला आणि ती गप्प. चाळीसच्या काठीला लगेच "हं". पण वडिलांच्या बधिर हातात ती आठवडाभरही टिकली नसती. मग त्याने माळ्यावरून दुसऱ्या कंपनीची धुळकट काठी काढली, तीस टनांची, जरा जाडसर आणि दणकट. तिने पुन्हा डोळे मिटले आणि "हं" म्हणाली.

रविवारी सकाळी वडील कुरकुरत तळ्यावर आले. काठीवरचे तीस वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं. चाळीसवाली मिळाली नाही का, असंही विचारलं. बसता बसता त्यांनी काठी दगडावर आपटलीच. तिने ती टोकापासून चाचपून पाहिली. काठी शाबूत होती.

दोरी पाण्यात गेली. ती नेहमीसारखी दोरीवर डोळे ठेवून बसली. तिने पापणीसुद्धा लववली नाही. दोरी जागची हलली नाही.

एकाएकी वडिलांनी मनगटाला झटका दिला. काठी अर्धी वाकली आणि लांब पाण्यात काहीतरी चकाकलं. ती अजून दोरीकडेच बघत होती.

"जाळी आण की," वडील खेकसले. "मासा लागलाय, लक्ष कुठंय तुझं?"