विकत आणलेली डीव्हीडी

शालन सून होऊन आली त्याला बारा वर्षं झाली, तरी तिची तूप मागायची रीत काही सुधारत नव्हती. दारात उभी राहायची आणि मान खाली घालून म्हणायची, "आत्याबाई, किल्ली." जशी काही भीकच मागतेय! तुपाच्या कपाटाची किल्ली कमरेला बाळगणाऱ्या हौसाक्कांना त्याचा वीट आला होता.

आज ती अशीच येऊन उभी राहिली, तेव्हा हौसाक्का टीव्हीपुढं वैतागून बसल्या होत्या. नाटकाची नवी डीव्हीडी लावली होती, पण चित्र घटकेत उजळायचं, घटकेत काळंठिक्कर पडायचं. दुरुस्तीला बोलावलेल्या बागवान मेकॅनिकनं हात टेकले.

"आक्का, टीव्ही जुना, म्हणून वायर कॅसेट भरायच्या व्हीसीआरमधून आणावी लागली. डीव्हीडीला वाटतंय, तुम्ही चोरून कॉपी करताय. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीवालेच मुद्दाम चित्र बिघडवतात तसं."

"अरे, पावती आहे माझ्याकडं!"

"पावती तिला कुठं दिसते? तिच्या लेखी सगळेच चोर."

"माझ्याच घरात बसून मी चोर?" हौसाक्का कडाडल्या, आणि त्यांची नजर दाराकडं गेली. शालन अजून तिथंच होती. मान खाली.

हौसाक्कांनी टीव्ही बंद केला. कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली.

"घे. बारा वर्षं राखण करून दमले मी, आणि चमचाभर तूप कधी कमी झालं नाही. त्या डीव्हीडीच्या डबड्याला अक्कल नाही, पण मला तरी कुठं होती? आता मान वर कर."