उंबरठ्याची ओटी

भर दुपारी, दर्यापूरजवळच्या पुनर्वसनाच्या वस्तीत, समाजमंदिरात वीज खात्याचे साहेब बोलत होते. "ऊन रात्री झोपतं, वारा रुसतो, पण धरणाचं पाणी म्हणाल तेव्हा वीज देतं. धूर नाही, राख नाही."

समोर बसलेल्या मनकर्णेच्या मस्तकात तिडीक गेली. "अन् त्या पाण्याखाली आमचं गाव हाये, ते कोन सांगीन?"

साहेबांकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळी वस्ती वर, गरगर फिरणाऱ्या नव्या पंख्याकडे डोळे लावून बसली होती.

साहेबांच्या कागदावर टपकन थेंब पडला. पिवळा.

"स्लॅब गळतोय," ते करवादले. वैशाख होता. दर्यापूरच्या आभाळात ढगाचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या थेंबाबरोबर पंख्याच्या पात्यावरून हळदीनं माखलेला ओला तांदूळ पडला. मग मूठभर पडले. मनकर्णेनं ते ओळखले. गाव सोडताना बाकीच्या बाया रडल्या होत्या; तिनं मात्र धरणाला शिव्या घालत घालत हळद-तांदळानं आपल्या उंबरठ्याची ओटी भरली होती. आता तो उंबरठा धरणाच्या तळाशी होता.

"पंखा बंद करा!" साहेब ओरडले. कोणी हललं नाही. त्यांनी स्वतःच धावत जाऊन बटन दाबलं. पंखा आणखी जोरात फिरू लागला.

"बटन कायले दाबता, सायेब?" मनकर्णा उठून उभी राहिली. "काल तुमच्यासाठीच टांगला तो. वायर जोडली नाई अजून. आमच्या वस्तीले लाइन दिलीच कुठी तुमी?"