नऊ पानांची अक्षू

मांडणीतली वाटी निसटली आणि फरशीवर टणटणत गोल फिरत राहिली. रसिकाने ती पायानेच दाबली. पलंगावर अक्षदा कूस बदलून पुन्हा झोपली.

तीन पस्तीस. सरोजताईंचं ऑफिस चारला बंद होतं.

वहीच्या नऊ पानांचे फोटो काढून तिने सकाळीच पाठवले होते. नऊ वेगवेगळे मेल. लगेच सरोजताईंचा फोन आला होता. "अहो, नऊ मेल कोण उघडत बसणार? एकच पीडीएफ करा. क्रमाने. त्यांनी आज वाचलं तरच उद्या उपयोग."

उद्या अकरा वाजता रसिका अक्षूला पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या हाती देणार होती. सोमवारपासून तिची कोलशेतला नवी नोकरी. नवऱ्याने, सुदेशनेच मागे लागून ठरवलेलं.

ती माणसं चांगली आहेत, असं सगळेच म्हणत होते. पण चांगल्या माणसांना तरी कसं कळणार, की मिक्सर लावायच्या आधी तिला सांगावं लागतं? की वरणभातावर लिंबू पिळलं तर ती ताटच सरकवते? की झोपताना तिला कानाची पाळी धरायला लागते, आणि स्वतःची चालत नाही?

म्हणून नऊ पानं.

तिने ती फोनवर जोडली. उघडून बघते तर पाचव्या पानामागे आठवं. 'ताप आला तर' याच्या खाली 'दोन पेढे द्यावे आणि गच्चीवर नेऊन खालून जाणाऱ्या गाड्या दाखवाव्या.' तिला हसू आलं. पण खरंच कुणी तसं केलं तर?

पुन्हा जोडली. आता सहाव्या पानावर तिच्याच डोक्याची सावली, आणि औषधाचं नाव नेमकं त्या सावलीत. ते पान खिडकीशी नेऊन परत काढलं. तर फाइल इतकी जड झाली की मेल जाईचना.

तिने सुदेशला फोन लावला.

"अगं, साइज कमी कर ना. कॉम्प्रेस म्हणून असेल बघ."

"अक्षरं पुसट होतात रे. करून बघितलं."

"मग दोन पानं काढून टाक. पेढ्यांबिढ्यांचं कशाला हवंय त्यांना?"

"कुठली दोन? तू सांग."

मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "दोन दिवस रडेल ती," तो म्हणाला. "मग रमेल. लहान मुलं विसरतात गं."

"हो. तेच तर."

तिने फोन ठेवला. एकेक पान काळं-पांढरं करून पाहिलं. अक्षरं टिकली, फाइल हलकी झाली. एक ते नऊ, बोट लावून दोनदा मोजली. तीन अठ्ठावन्नला मेल गेला.

फोनची बॅटरी संपत आली होती. तिने तो पलंगाशेजारी चार्जिंगला लावला, आणि साडेचारला तो वाजला. वायर आखूड, म्हणून तिने स्पीकर लावला.

"मिळाली हो," सरोजताई म्हणाल्या. "तशीच पुढे पाठवली. त्या दोघांनी वाचलीसुद्धा. त्या बाईंना रडू आवरेना. इतक्या वर्षांत असं कुणी लिहून दिलं नव्हतं."

"उद्या वेळेवर येतो आम्ही."

"या. आणि रसिकाताई, एक सांगायचं राहिलं. दहा महिन्यांची असताना संस्थेने ती तुमच्याकडे सांभाळायला दिली. दोन वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळलीत, आम्ही बघितलंय. पण आता दत्तक घेणारे मिळालेत तिला. उद्या त्यांच्यासमोर ती तुम्हाला आई म्हणाली, तर त्या बाईंना कसं वाटेल? आज जमेल तेवढं शिकवा. मावशी म्हणायला."

अक्षदा उठून बसली होती. डोळे चोळत तिने फोनकडे पाहिलं, मग रसिकाकडे.

"आई, मावशी कोण?"