जबाबातलं नाव

दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात, जाम गावच्या चौकात दारूच्या पेट्यांसह पकडला गेला शेजारचा अमर, आणि पोलिसांनी दरडावताच त्याने कुंदनचं नाव सांगितलं. कुंदनकडे काहीच सापडलं नव्हतं. नुसत्या सहआरोपीच्या जबाबावर माणूस किती दिवस कोंडणार, असं म्हणून वर्ध्याच्या कोर्टाने दीड महिन्याने त्याला जामीन दिला. शकुबाईने लेकासाठी जामीनदाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली. तुरुंगाच्या फाटकाबाहेर येताच कुंदनने विचारलं, "माय, माह्यंच नाव काऊन घेतलं त्यानं? मी त्याचं काय बिघडवलं?" "मले का मालूम? चाल, बस जाईन," ती म्हणाली. अमरची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बाप मारायला धावला की येऊन शकुबाईच्या पदराआड लपायचा. तिनेच त्याला शिकवलं होतं, "कोणी मारू लागलं, तं कुंदननं केलं म्हणून सांगजो. त्याले कोणी मारत नाई."