उसनी कळ

कुमुदताईंच्या गालातली, नुसत्या स्पर्शानेही उठणारी कळ यंत्राने थोड्या वेळापुरती त्यांच्या लेकीच्या, अनघाच्या गालात उतरवली होती. नव्या इंजेक्शनची चाचणी आता अशीच व्हायची, आणि उसनी कळ घ्यायला रक्ताचंच माणूस लागायचं. डॉक्टर बोरवणकरांनी अनघाला इंजेक्शन दिलं आणि जरा थांबून तिच्या गालावरून कापूस फिरवला.

"दुखतंय?"

"छे, अजिबात नाही," आईकडे बघत अनघा म्हणाली.

डॉक्टर खूश झाले. कुमुदताईंसाठी ते दुसरी सिरिंज भरू लागले.

"राहू द्या, डॉक्टर," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "याचा गुण आलेला नाही."

"अहो, ती स्वतः सांगतेय ना!"

"सांगतेय, पण ओठांची फक्त न दुखणारी बाजू हलवून. बरं वाटतंय म्हणून इतकी वर्षं मीही तिला असंच सांगत आलेय."