लेकीचं पहिलं गाणं

दोनदा मापल्याशिवाय शिंप्याने आयुष्यात कधी कापडाला कात्री लावली नव्हती, पण लेकीचं पहिलं गाणं फोनवर येताच त्याला दम धरवेना. संगीत कंपनीने ते बाजारात आणण्याआधीच त्याने अख्ख्या गोतावळ्याला पाठवलं आणि संध्याकाळच्या आत नोटीस आली. आज कंपनीच्या वकिलासमोर बापलेकींनी सह्या केल्या: लेकीचा करार रद्द, गाणं दुसरीच कुणी गाणार. “तुमच्या फोनमधलंही पुसा,” वकील म्हणाला, “पुन्हा सापडलं तर थेट कोर्ट.” शिंप्याने ते पुसलं. जिना उतरताना तो पुटपुटला, “पोरी, मीच तुझ्या गाण्याची माती केली.” “जाऊ द्या हो, बाबा. सगळ्यांनी कौतुक केलं, तुम्हीच काही बोलला नाहीत. कुठलं कडवं आवडलं?” शिंप्याचा पाय पायरीवरच अडखळला. आधी सगळ्यांना पाठवू, मग निवांत ऐकू, म्हणता म्हणता त्याचं ऐकायचंच राहून गेलं होतं.