काशीचं नाक

डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं प्रतिक्षाच्या नाकावर तीन रेघा मारल्या. तिचा बाप जगन खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता.

"हा मधला उंचवटा तासायचा," डॉक्टर म्हणाले. "मग दोन्ही बाजूंची हाडं सैल करून आत सरकवायची. शेंडा जरासा वर. सगळं नाकाच्या आतून करतो, बाहेर टाका दिसणार नाही."

जगनला सगळं समजलं. पेणला त्याचा मूर्तींचा कारखाना होता. गौरीच्या मुखवट्यांची नाकं तो अशीच तासायचा. फरक एवढाच, की शाडू जास्त निघाला तर परत लावता येतो.

"हाडाला परत माती लावता येत नाय, डॉक्टर," तो खिडकीकडं तोंड करूनच बोलला.

"म्हणून तर विचारतोय. श्वासाचा त्रास नाही, कधी मार लागलेला नाही. मग कशासाठी?"

प्रतिक्षानं बापाच्या पाठीकडं बघितलं. डॉक्टर मुंबईचे, दर रविवारी रोह्याला यायचे. बाहेर गर्दी होती. तरी त्यांनी जगनला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी ते स्वतः दाराशी आले.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच. हिची आई जाऊन दोन वर्षं झाली."

डॉक्टर त्याच्या शेजारी बसले. "सहा महिने थांबू या. तेवढ्यात तिचं मन बदललं तर मला आनंदच आहे. तुम्ही पण प्रयत्न करा."

ते नाक काशीचं होतं, जगनच्या बायकोचं. मधल्या उंचवट्यासकट, खाली वळलेल्या शेंड्यासकट. काशी गेली तशा तिच्या साड्या वाटून झाल्या. तिच्या चेहऱ्यावरून केलेला गौरीचा एक साचा होता, तो जगननं फडक्यात बांधून माळ्यावर टाकला होता. आता काशीचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते पोरीच्या तोंडावर होतं. सज्ञान पोर, कंपनीत नोकरीला. तिला बांधून थोडंच ठेवता येणार होतं.

त्यानं शेजारच्या ठमाबाईला मध्ये घातलं. ठमाबाई चुलीपाशी येऊन बसली.

"लोक दुसऱ्याचं नाक कापतात गो. तू स्वतःचंच कापायला निघालीस?"

"कापत नाय मावशी, तासतात."

"वडखळच्या स्थळानं नाव ठेवलं काय?"

"त्यांचा होकार आलाय."

"मग कुणासाठी ही उठाठेव?"

प्रतिक्षानं भाकरी उलटली. एक ताट वाढून तिनं ठमाबाईच्या हाती दिलं. "जाताना एवढं बाबांना कारखान्यात द्या."

गणपती जवळ आले. जगन दिवसभर आखणीला बसायचा. मूर्तींचे डोळे रंगवायचं काम पेणमध्ये त्याच्याएवढं बारीक कुणाचं नव्हतं. एका दुपारी प्रतिक्षा चहा घेऊन आली आणि त्याच्या मागं उभी राहिली.

"तुझ्या आयशीचं नाक हाय ते," तो मूर्तीच्या डोळ्यावरून कुंचला फिरवत म्हणाला.

"माहीत हाय, बाबा."

"मग?"

"म्हणूनच."

ते त्याला लागलं. आईसारखं दिसायची लाज वाटते पोरीला, असं त्यानं धरलं. तिनं कप ठेवला आणि ती गेली. त्यानं हातातला डोळा पुरा केला.

दसरा झाला. तिचं मन बदललं नाही. रोह्याच्या गाडीत जगन थेट कासूपर्यंत मिठागरं बघत बसला. दवाखान्यात त्यानं सही केली. तिला आत नेलं तेव्हा तो बाकावर बसून हाताची वाळलेली माती नखानं काढत राहिला. दोन तास त्याला दुसरं काही करता आलं नाही.

ती बाहेर आली ती नाकावर प्लास्टर घेऊन. डोळ्यांखाली काळंनिळं झालेलं. नाकात कापसाच्या वाती, त्यामुळं श्वास तोंडानं. डॉक्टरांनी सांगितलं, की वाती दोन दिवसांनी इथली नर्स काढेल, प्लास्टर आठवड्यानं मी काढीन. उशाला दोन उशा घ्यायच्या, नाक शिंकरायचं नाही, उन्हात जायचं नाही. सूज पुरती उतरायला वर्ष जाईल.

प्लास्टर जगनच्या ओळखीचं होतं. त्याखाली काय झालंय ते दिसत नव्हतं, हेच बरं होतं. घरी तो आठवडाभर तिच्या समोर बसला आणि चमच्याचमच्यानं पेज भरवत राहिला. ओठ सुजलेले, तरी ती हसली.

"काय गो?"

"काय नाय. हे प्लास्टर असंच राहिलं तरी चालेल."

औषधाची गुंगी असेल, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी रोह्याला प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी आरसा आधी तिला दिला, मग तिला जगनकडं वळवलं. नाक सरळ होतं, नीट होतं. जगननं कपाळावर शोधलं, हनुवटीत शोधलं. काशी कुठंच नव्हती. समोर कुणीतरी दुसरीच मुलगी बसली होती.

"छान झालंय," तो डॉक्टरांना म्हणाला.

घरी आल्यावर प्रतिक्षानं दोन ताटं वाढली, समोरासमोर. जगननं दोन वर्षांच्या सवयीनं आपलं ताट उचललं आणि तो कारखान्याकडं निघाला.

"बाबा," ती मागून म्हणाली. "माझ्या तोंडात आई दिसते का हो आता?"

हातातलं ताट तसंच धरून तो वळला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं.

"नाय," तो म्हणाला.

"मग आता तरी माझ्यासमोर बसून जेवाल ना?"